टाइम ट्रॅव्हलची मालिका लिहिताना टाइमलाइनचा हिशोब कसा ठेवायचा

काळात मागेपुढे जाणाऱ्या गोष्टींच्या स्क्रिप्ट माझ्याकडे वाचायला येतात, ऑडिओ मालिका असते, छोटी वेब सिरीज असते, कधी कॉलेजची एकांकिका, आणि जवळपास सगळ्या एकाच जागी अडकतात. पहिले तीन एपिसोड झकास, चौथ्यात कुणाचं वय जुळत नाही, पाचव्यात ज्याला काही आठवायलाच नको तो सगळं आठवून बोलतो, आणि सहाव्यात लेखक अजून एक टाइम ट्रिप घालून भोक बुजवायला जातो, तर भोक अजून मोठं होतं. आयडिया चांगली असते, सायन्सपण चालण्यासारखं असतं. फक्त कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हा क्रम चुकलेला असतो. म्हणून तो क्रमच इथे लिहितोय, आणि उदाहरण सगळीकडे एकच घेतोय म्हणजे धागा सुटणार नाही.

उदाहरण असं: सुजाता, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली पोरगी. जानेवारी २०२४ च्या गड्ड्यातून, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतून, ती थेट जानेवारी १९३० च्या गड्ड्यात जाते. तिथे तिला तिचा पणजोबा अंबादास भेटतो, हातमागावर लुगडी विणणारा, लग्न न झालेला. ही दोघंही काल्पनिक, शहर मात्र खरं.

## तयारी: डायलॉग लिहायच्या आधी

एक एक्सेल शीट किंवा आडवी मोठी वही, तीन रंगांचे पेन, जुन्या वर्षांचं कॅलेंडर (फोनमध्ये असतंच), आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी तासभर गप्पा. एवढं पुरतं. गप्पा यासाठी की कुठल्या वर्षी घरात लाइट आली, पाणी कुठून भरायचे, मिलचा भोंगा झाला की काय काय सुरू व्हायचं, हे इंटरनेटवर धड सापडत नाही आणि मालिकेत हेच लागतं.

सावध: यंत्र कसं दिसतं, निळा उजेड येतो का, याच्यात पहिले पंधरा दिवस घालवू नका. यंत्र शेवटी ठरवलं तरी चालतं. नियम शेवटी ठरवून चालत नाही.

## टप्पा १: नियम एकच निवडा आणि लिहून ठेवा

मागे जाऊन काही केलं तर काय होतं? गोष्टींमध्ये याची मुख्य उत्तरं तीन.

१. काहीच बदलत नाही. तुम्ही मागे जाऊन जे करता ते आधीच घडलेलं असतं. इगोर नोविकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हाच विचार मांडला, की भूतकाळात गेलेल्या माणसाच्या हातून इतिहासाशी न जुळणारं काही घडूच शकत नाही. हा नियम घेतलात तर सुजाता १९३० मध्ये जे जे करणार त्याची खूण पहिल्याच एपिसोडमध्ये २०२४ च्या घरात पडलेली असली पाहिजे. म्हणजे शेवट आधी लिहावा लागतो. सगळ्यात कष्टाचा नियम हाच, पण जमला तर प्रेक्षक मालिका परत पहिल्यापासून बघतो.

२. रेषा, म्हणजे टाइमलाइन, एकच, पण ती खोडून नव्याने लिहिली जाते. आपल्याकडची बहुतेक पोरं हाच घेतात, आणि सगळ्यात जास्त भोकं यातच पडतात. पणजोबाचं लग्न मोडलं तर सुजाता जन्मलीच नाही, मग मागे जाऊन लग्न मोडलं कुणी? या प्रश्नाचं तुमच्या मालिकेपुरतं उत्तर तुम्हाला द्यावंच लागतं.

३. फांद्या फुटतात. जुनं जग तसंच राहतं, बाजूला नवं सुरू होतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये क्वांटम मेकॅनिक्सचा अर्थ लावताना अनेक जगांची वाट दाखवली, ती टाइम ट्रॅव्हलसाठी नव्हती, पण गोष्टीवाल्यांना ती लई उपयोगी पडली. यात विरोधाभास जवळजवळ संपतात पण धोका दुसरा आहे, जुन्या जगातली आई सुखरूप असेल तर प्रेक्षकाला काळजी कशाची वाटणार? म्हणून फांदीचा नियम घेतलात तर परतीचा रस्ता अवघड करा.

आपण उदाहरणासाठी दुसरा घेऊ, कारण मदत तिथेच लागते. आता त्याच्याखाली या चार प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरं लिहा:

- जुनी रेषा कुणाला आठवते? (आपलं उत्तर: फक्त प्रवास करणाऱ्याला.)
- बदल कधी लागू होतो, लगेच की प्रवासी परत आल्यावर? (लगेच.)
- प्रवाशाच्या अंगावरच्या वस्तूंचं काय? (त्या जुन्या रेषेच्याच राहतात.)
- प्रवाशाचा जन्मच पुसला गेला तर? (तो गायब होत नाही, पण नव्या जगात त्याची नोंद कुठेच नसते.)

थांबा, तपासा: ही चार वाक्यं तुमच्या लेखक-मित्राला द्या आणि विचारा, सुजाता परत आली की तिच्या फोनचं काय होईल? तुमचं आणि त्याचं उत्तर एकच आलं तर नियम पक्का. आपल्या उदाहरणात, गॅलरीतले घरच्यांचे फोटो जसेच्या तसे आहेत कारण फोन तिच्या खिशात होता, पण सिमकार्डला नेटवर्क नाही, तो नंबर दुसऱ्याच माणसाचा आहे, यूपीआय चालत नाही आणि आधारला बोटं लावली तर रेकॉर्डच सापडत नाही. हा अर्ध्या मिनिटाचा सीन नियमातून आपोआप निघाला. फोटो हळूहळू पुसट होताना दाखवायचा मोह होईल, तो आपल्या तिसऱ्या वाक्याच्या विरोधात जातो, म्हणून नाही.

## टप्पा २: मूळ टाइमलाइन मांडा

बदललेली रेषा लिहायच्या आधी न बदललेली रेषा पूर्ण कागदावर पाहिजे. हा टप्पा लोक उडवतात, कारण "आपलंच गाव आहे की, माहितीय सगळं" असं वाटतं. शीटमध्ये पहिली ओळ देशाची, दुसरी शहराची, तिसरी घराची.

घराची ओळ तारखेसकट करा, नुसतं साल पुरत नाही. अंबादास मार्च १९०६ चा, म्हणजे जानेवारी १९३० मध्ये २३ वर्षांचा. लग्न १९३१, आजोबा १९३२, वडील १९६४, सुजाता जून १९९६. जानेवारी २०२४ मध्ये ती २७ ची. म्हणजे पणतीच पणजोबापेक्षा चार वर्षांनी मोठी निघाली! आता हे कळल्यावर त्यांचं बोलणंच बदलतं. तो तिला पहिल्या भेटीत "अक्का" म्हणणार, आणि तिच्या तोंडून त्याला "तू" निघणार नाही, ती "तुम्ही जेवलात का" असं विचारणार आणि तो गोंधळून मागे बघणार, मागे कोण मोठं माणूस उभंय का म्हणून. तारखा मांडल्या नसत्या तर हा सीन सुचलाच नसता.

शहराच्या ओळीत चुकतात त्या गोष्टी या:

- १९३० मध्ये सोलापूर मुंबई इलाख्यात होतं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. तेव्हाच्या माणसाच्या तोंडी "आपल्या महाराष्ट्र सरकारने" घालू नका.
- सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) मे १९३० मध्ये लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. म्हणजे जानेवारी १९३० मध्ये कुणी "चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी भेटू" म्हणूच शकत नाही.
- उजनी धरण १९८० चं. त्याच्या आधीच्या जिल्ह्यात हिरवागार ऊस जिकडेतिकडे दाखवू नका. हिप्परग्याचा तलाव मात्र १९३० मध्ये चालतो, तो एकोणिसाव्या शतकातला आहे.
- सोलापूर विद्यापीठ २००४ चं. पात्र १९९८ ला ग्रॅज्युएट झालं असेल तर सर्टिफिकेटवर शिवाजी विद्यापीठ पाहिजे.
- सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. जानेवारी २०२३ च्या सीनमध्ये ती आहे, जानेवारी २०२४ च्या सीनमध्ये नाही. जुनं ड्रोन फुटेज वापरणाऱ्यांनी हे आधी बघा.
- आजचं कलबुर्गी तेव्हा गुलबर्गा होतं आणि निजामाच्या राज्यात होतं. सोलापूरहून रेल्वेने जाता येत होतं.

पैसे: १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे १६ आणे, म्हणजेच ६४ पैसे. सुजाताच्या पर्समधली एकही नोट तिथे चालणार नाही, तेव्हा पहिल्या दिवशी ती जेवणार काय, हे तुम्हाला लिहावं लागेल. वजनात शेर, किलो नाही. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून, म्हणून जुन्या पत्रावर सहा आकडे नकोत.

घड्याळ: भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आहे, पण दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ देशातली घड्याळं एक तास पुढे होती. या काळात तुमचं पात्र उतरलं आणि हातातल्या घड्याळावर विसंबून गाडी पकडायला गेलं तर ती चुकणारच. मला विचाराल तर ही चूक मुद्दाम वापरावी इतकी चांगली आहे.

वार: १९०१ ते २०९९ मध्ये इंग्रजी कॅलेंडर २८ वर्षांनी तंतोतंत परत येतं. १९३० चं कॅलेंडर म्हणजे १९५८, १९८६ आणि २०१४ चंच. फोनमध्ये २०१४ उघडा आणि वार बघा. तिथी मात्र अशा जुळत नाहीत, त्याला जुनं पंचांगच पाहिजे, आणि संक्रांतीच्या तारखेतसुद्धा एखाद्या दिवसाचा फरक धरा.

थांबा, तपासा: प्रत्येक सीनच्या डोक्यावर पूर्ण तारीख आणि वार लिहिलाय का? "सकाळ, १९३०" एवढ्यावर सोडलेला सीन पुढे हमखास चावतो.

## टप्पा ३: फाटा एकच, आणि लहान

रेषा जिथे वळते तो क्षण. एका सीझनला एक. मोठ्या घटनेवर बोट ठेवायचा मोह टाळा. दुसऱ्याच एपिसोडमध्ये चारही हुतात्म्यांना वाचवणारी स्क्रिप्ट मला पटत नाही. एक तर ती खरी माणसं, त्यांचं मरण गावाच्या काळजात आहे, त्याचं साहसी दृश्य करून मोकळं होणं बरं नाही. आणि दुसरं, ती घटना वळवली की पुढचा सगळा इतिहास तुम्हाला नव्याने लिहावा लागतो, ते झेपत नाही कुणाला.

आपला फाटा: फेब्रुवारी १९३० मधला एक दिवस, सोलापूर स्टेशन. अंबादास गुलबर्ग्याला मुलगी बघायला निघालाय. सुजाता त्याला फलाटावर थांबवून एक साधा प्रश्न विचारते, गाडी सुटते. बस्स.

फाटा लिहिताना तीन गोष्टी ठरवा: नेमकी वेळ, नेमकी जागा, आणि ते कुणी कुणी पाहिलं. तिसरी विसरतात. पाहणारा हमाल पुढे सातव्या एपिसोडला उपयोगी पडतो.

## टप्पा ४: परिणाम थराथराने पसरवा

फाट्यानंतर लगेच २०२४ ला उडी मारू नका. आधी माणूस, मग गल्ली, मग शहर, या क्रमाने साखळी लिहा आणि प्रत्येक कडीला "म्हणून" लावून बघा.

गाडी चुकली, म्हणून त्या दिवशी मुलगी बघणं झालं नाही. म्हणून तिच्या घरच्यांनी दुसरीकडे ठरवलं. मूळ रेषेत अंबादास मे १९३० मध्ये लग्नाच्या बोलणीसाठी गुलबर्ग्यात होता, आता तो सोलापुरातच आहे. म्हणून मार्शल लॉच्या दिवसांत तो पकडला जातो. म्हणून त्याचा माग बंद पडतो. म्हणून त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा दुसऱ्या घरात जातो आणि पुढे त्या घराचा कारखाना उभा राहतो. बघा, मार्शल लॉ तसाच राहिला, फाशी तशीच राहिली, आपण फक्त एक माणूस इकडचा तिकडे केला, तरी २०२४ मधली गल्ली पूर्ण वेगळी दिसते.

सावध: "म्हणून" लागत नसेल तर ती गोष्ट बदलू नका. बदललेल्या २०२४ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी अजून उभी आहे असं दाखवलं तर दिसायला भारी, पण फलाटावरच्या एका प्रश्नापासून चिमणीपर्यंत साखळी नेता येते का? येत नसेल तर प्रेक्षक तिथेच अडकून बसतो आणि त्याचं लक्ष गोष्टीतून उडतं.

आता उलटी बाजू, माणसाने कितीही फाटे फोडले तरी ज्या हलत नाहीत अशा गोष्टी. निसर्गाच्या. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, सोलापूरलाही जाणवला होता. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला आणि आपल्याकडे खंडग्रास दिसलं. या दोन्ही गोष्टी तुमच्या प्रत्येक टाइमलाइनमध्ये त्याच मिनिटाला झाल्या पाहिजेत. हे खिळे समजा. सुजाताला आपण कुठल्या रेषेत आहोत कळत नसेल तर ग्रहणाची वेळ तिला काही सांगणार नाही, पण ग्रहण बघायला गच्चीवर कोण कोण उभं होतं, ते सांगेल. एकच मिनिट दोन रेषांत दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

थांबा, तपासा: तीन थरांत मिळून बदललेल्या गोष्टींची यादी करा आणि निम्मी कापा. उरलेली प्रेक्षकाच्या लक्षात राहते.

## टप्पा ५: प्रत्येक पात्राला दोन घड्याळं

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, इथे घाई करू नका. एक घड्याळ जगाचं, म्हणजे तारीख. दुसरं त्या माणसाचं स्वतःचं, म्हणजे त्याने किती दिवस जगले. सुजाता १९३० मध्ये चाळीस दिवस राहिली आणि निघाली त्याच संध्याकाळी परत आली. जगाच्या घड्याळात दोन मिनिटं, तिच्या घड्याळात चाळीस दिवस. नखं वाढलेली, मोबाइल कधीच मेलेला, फोन बघायचा तर आधी कुठेतरी चार्जिंगला लावायला लागणार, आणि तोंडात तिथल्या तेलुगू-मराठी-कानडी मिश्रणाची सवय. जून २०२४ च्या वाढदिवसाला शरीराने ती चाळीस दिवस जास्तीची असणार.

शीटमध्ये प्रत्येक प्रवाशाला एक पान, आणि पानावर हे कॉलम: त्याचा कितवा दिवस, जगाची तारीख, कुठली रेषा, काय माहीत आहे, काय आठवत नाही, अंगावर काय वस्तू. चौथा आणि पाचवा कॉलम भरल्याशिवाय त्या पात्राचा एकही डायलॉग लिहू नका. मी ज्या स्क्रिप्ट परत पाठवतो त्यातल्या बहुतेक इथेच पडलेल्या असतात, पात्राला अजून न घडलेली गोष्ट माहीत असते किंवा पुसलेल्या रेषेतली आठवण जागेवरच असते.

प्रवास न करणाऱ्यांचंही पान करा, छोटं. सुजाताची मैत्रीण नव्या २०२४ मध्ये आहे पण सुजाताला ओळखत नाही, तर मग तिची शाळेतली बेंचवरची जोडीदार कोण होती? एका ओळीत लिहून ठेवा.

वस्तूंचंही पान लागतं. समजा सुजाताने घरातल्या जुन्या लुगड्याच्या काठाची नक्षी अंबादासला काढून दाखवली, त्याने ती विणली, आणि तेच लुगडं घरात चालत आलं. मग नक्षी सुचली कुणाला? माहितीचा असा लूप गोष्टीत चालतो, प्रेक्षक आवडीने डोकं खाजवतो. पण प्रत्यक्ष लुगडंच ती मागे घेऊन गेली आणि तेच परत तिच्यापर्यंत आलं, तर प्रत्येक फेरीत ते ९४ वर्षं जुनं होत जाणार, विरणार, आणि शेवटी फाटणार. म्हणून लूप करायचा तर नक्षीचा करा, कापडाचा नको. आणि लक्षात ठेवा, असे लूप पहिल्या नियमात सहज बसतात, दुसऱ्यात बसवायचे तर फाट्याच्या आधीच्या काळात ठेवा.

## टप्पा ६: प्रेक्षकाला रेषा ओळखू द्या

स्क्रीनवर "टाइमलाइन बी" लिहून भागत नाही, ऑडिओत तर तेही नाही. प्रत्येक रेषेला एक खूण द्या आणि ती सीनच्या पहिल्या काही सेकंदांत येऊ द्या. ऑडिओत मिलचा भोंगा, मागाचा आवाज, बंद मागाची शांतता. व्हिडिओत दुकानाची पाटी, घराचं दार.

त्याच्याबरोबर एक दरवर्षी येणारा प्रसंग पकडा. आपल्याला गड्डा आयता मिळालाय. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम, क्रम ठरलेला. तोच सीन प्रत्येक रेषेत एकदा घ्या, कॅमेरा त्याच जागी, आणि फरक फक्त एक ठेवा: मूळ रेषेत सुजाताच्या बाजूला वडील उभे, बदललेल्या रेषेत ती जागा रिकामी. दोन फरक केले की एकही दिसत नाही.

## टप्पा ७: आता एपिसोडचा क्रम

हे काम सोपं आहे, फक्त आधी करायचं नाही. सीनचे कागद जमिनीवर तारखेप्रमाणे मांडा, मग सुजाताच्या घड्याळाप्रमाणे, मग प्रेक्षकाला दाखवायच्या क्रमाने, आणि तिन्हीचे फोटो काढून ठेवा. परिणाम आधी, कारण नंतर, हे जास्त रंगतं. पहिल्या दोन एपिसोडमध्ये दोनपेक्षा जास्त काळ आणू नका.

## टप्पा ८: तीनदा वाचून काढा

पहिलं वाचन तारखेच्या क्रमाने, यात फक्त शहराच्या चुका शोधायच्या. दुसरं एकेका पात्राच्या घड्याळाने, यात वय, आठवण, वस्तू. तिसरं एपिसोडच्या क्रमाने, आणि हे तुम्ही करू नका, ज्याला गोष्ट माहीत नाही अशा माणसाला द्या. त्याला प्रत्येक एपिसोडनंतर तीनच प्रश्न: आत्ता कुठलं साल होतं, सुजाताला काय माहीत आहे, अंबादासला काय माहीत आहे. उत्तर चुकलं तर समजावून सांगायला जाऊ नका, कारण प्रेक्षकाच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. सीन बदला.

आणि एपिसोड बाहेर गेल्यावर चूक सापडली तर? नवी टाइम ट्रिप घालू नका. टप्पा १ ची चार वाक्यं काढा. त्या वाक्यांत बसणारं कारण मिळालं तर पुढच्या एपिसोडमध्ये एका डायलॉगात सांगून टाका. नाही मिळालं तर तेवढा भाग दुरुस्त करून परत चढवा आणि शीटमध्ये तारीख लावून नोंद करा, म्हणजे दुसऱ्या सीझनला जो कुणी लिहायला बसेल त्याला कळेल की कुठली आवृत्ती खरी धरायची.